भागामावशीचा जमाव

भागामावशीच्या दारावरून सायकलने गुपचूप निघून जाणं आमच्या लालबागेत कोणालाही साधलेलं नाही. दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर मयताचा निरोप घेऊन निघालेला माणूस असो, चाकाचा आवाज कानावर पडला की मावशी चुलीपुढून उठून, हातात पळी असेल तर पळीसकट दारात यायची आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "उचल! पाय उचल, मेल्या!"

एक नवा पोस्टमन ह्या हाकेने इतका घाबरला की दोन चाळींचं टपाल तसंच घेऊन पार चिंचपोकळीच्या पुलापर्यंत गेला. चूक लक्षात आल्यावर बिचारा मागे फिरला, तर मावशीने त्याला परतीच्या वाटेवरही उचल म्हणून सांगितलं. एकदा एक पोलीस अधिकारी सायकलवरून चालले होते. हाक ऐकून ते खाली उतरले आणि दरडावून म्हणाले, "काय झालं हो बाई?" मावशी म्हणाली, "काय जावक नाय. पण थांबलंस कित्याक? बरो जोर धरलेलो, सगळो फुकट घालवलंस!"

मावशीची खानावळ होती. गिरणीत काम करणारे, बायकापोरं कोकणात ठेवून आलेले गडी तिच्याकडे जेवायचे. मी शाळामास्तर, पण माझंही बिऱ्हाड गावीच होतं, त्यामुळे दोन्ही वेळेला तिथेच. चाळीतली तळमजल्याची खोली, तीही रस्त्याच्या अंगाची. अर्धी चुलीने आणि मावशीने व्यापलेली. उरलेल्या अर्ध्यात पंगत मांडायचा प्रश्नच नव्हता. एक उठला की एक बसायचा. ताटावरचा गडी हात धुवायला उठेपर्यंत पुढच्याने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. ह्या नियमापुढे कोणाचाही वशिला चालत नसे. जेवताना कोणी गजाली मारत बसला, तर त्यालाही "उचल!" हीच हाक. फक्त तिथे पायाऐवजी घास असायचा.

सगळ्यांना ती अरेतुरे करायची. अपवाद एकच, रघुनाथ परब. हा कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाला. देहाने ऐसपैस, स्वभावाने गरीब, आणि बोलणं इतकं कमी की आमटी हवी असली तरी वाटीकडे बघत बसायचा. तो नेहमी कोपऱ्यात बसे. मावशी त्याला "ओ कोपऱ्यातले" म्हणायची, तेही मान खाली घालून. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीच्या नवऱ्याचं नाव रघुनाथ. तो जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही म्हणजे नाही. परबाने एकदा गंमत म्हणून जागा बदलली आणि दाराशी बसला. तरी मावशी त्याला "ओ कोपऱ्यातले"च म्हणाली.

आमच्या व्यायामशाळेची दर वर्षी सायकलची शर्यत व्हायची. नाक्यावरून सुटायचं, दादरला वळसा घालायचा आणि परत नाक्यावर यायचं. त्या दिवशी मावशी चूल लवकर उरकायची, पदर खोचायची आणि पानवाल्यासमोरच्या विजेच्या खांबाला टेकून उभी राहायची. बायामाणसांनी असं नाक्यावर उभं राहावं, हे त्या काळी कोणाला रुचणार? एका म्हाताऱ्याने बोलून दाखवलं. मावशी म्हणाली, "रस्तो मुनशिपाल्टीचो, खांब मुनशिपाल्टीचो, आणि गळो माझो. तुझा काय जाता?"

शर्यत कोण जिंकलं ते मावशीला कधीच सांगता यायचं नाही. पहिले दोघेतिघे आले, हारतुरे झाले, की लोक पांगायचे. मावशी खांब सोडायची नाही. "शेवटचो इलो काय?" एवढाच तिचा प्रश्न. शेवटचा गडी जीभ बाहेर काढून येताना दिसला की ती अशी काही ओरडायची की पहिल्याला वाटावं, आपण उगाच पुढे गेलो.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. रोज सभा, रोज मोर्चे, रोज लाठ्या. आमच्या व्यायामशाळेतले काही गडी सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. आणि शर्यतीच्या तोंडावर सरकारने जमावबंदी लावली. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. व्यायामशाळेच्या मंडळाची बैठक खानावळीतच बसली, तीही चौघाचौघांनी. सगळ्यांचं मत एकच, यंदा शर्यत नाही. सायकलींचा घोळका नाक्यावरून सुटला की पहिल्याच वळणावर सगळे पोलिसांच्या गाडीत जाणार.

मावशी सोलकढी गाळत ऐकत होती. म्हणाली, "घोळको कित्याक व्हयो? माझ्याकडे जेवतत तशे सोडा. येक गेलो की येक."

मी म्हटलं, "मावशी, मग पुढे कोण नि मागे कोण, कळणार कसं?"

"तुझ्या मनगटार घड्याळ आसा ना? ता काय भात ढवळूक बांधलंस?"

माझ्या अंगात मास्तर संचारला. मी सांगितलं, की मावशी, परदेशात खरोखरच अशी शर्यत असते. तिला टाइम ट्रायल म्हणतात. एकेक गडी एकटा सुटतो आणि घड्याळावर निकाल लागतो.

मावशीचा हात थांबला. "म्हणजे थयसर पण जमावबंदी आसा?"

"नाही गं, तिथे तशीच पद्धत आहे."

"आसतलीच. नायतर शाणी माणसा अशी येकटी येकटी कित्याक धावतील? सरकार थयला काय नि हयला काय, सारख्याच." परदेशातल्या त्या सायकलवाल्यांबद्दल तिला मनापासून वाईट वाटलं. पुढे कित्येक दिवस ती मला त्यांची बंदी उठली का म्हणून विचारत असे.

कोणीतरी म्हणालं, चळवळ पेटलेली असताना शर्यती कसल्या करायच्या? तेव्हा मात्र मावशी उसळली. "चळवळ म्हणजे काय दार लावन घरात बसूचा? मुंबय आपली म्हणान आरडतास ना? मगे ह्यो रस्तो कोणाचो? चलवा तेच्यार सायकली! शर्यत मोडली तर तेच जिंकले."

शर्यत ठरली. गडी कमी पडत होते, ती भरतीही तिनेच केली. "ओ कोपऱ्यातले, तुमका सायकल येता?" परबाच्या तोंडात घास होता, त्याने नुसती मान हलवली. येते म्हणून हलवली की नको म्हणून, हे त्याला स्वतःलाही पुढे सांगता आलं नाही. पण नाव लागलं.

रविवारी दुपारी नाक्यावर असा देखावा होता की तसा मी पुन्हा पाहिला नाही. लोटलेली सगळी लालबाग चौघाचौघांत वाटून उभी होती. ह्या खांबाशी चार, त्या खांबाशी चार, पानवाल्याच्या फळीखाली चार. पाचवा आला की पहिल्याने मुकाट्याने पलीकडच्या फुटपाथवर जायचं. सायकलवाला सुटला की इकडचे चौघे "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचे, आणि "झालाच पाहिजे" हे पलीकडचे चौघे म्हणायचे. एक हवालदार लाठी घेऊन ह्या चौघांकडून त्या चौघांकडे मोजत फिरत होता आणि त्याचा हिशेब दर वेळी बरोबर येत होता. त्यामुळे तो फार वैतागला होता.

मावशीचा नियम असा, की पुढचा दिसेनासा झाला की मागच्याला सोडायचा. मी घड्याळ बघून कागदावर वेळ मांडत होतो. परबाला अगदी शेवटी सोडला. भाड्याची सायकल त्याच्या खाली एवढीशी दिसत होती.

घोटाळा परतीच्या वाटेवर झाला. दमलेले गडी मागच्यांच्या तावडीत सापडले आणि परळच्या बाजूने एकदम चार सायकली जोडीने येताना दिसल्या. त्यांच्या मागून पाचवा जोर काढून येत होता. हवालदाराचा चेहरा उजळला. तो बोटांवर मोजायला लागला. आणि जन्मभर सगळ्या मुंबईला पाय उचलायला सांगणारी मावशी रस्त्यात धावली नि ओरडली, "ठेव! पाय खाली ठेव, मेल्या! पाचवो तू!"

त्या गड्याने ट्रामच्या रुळात चाक जाता जाता ब्रेक दाबला आणि भर शर्यतीत उभा राहिला. चौघे कायदेशीरपणे पुढे निघून गेले. नंतर तो माझ्याशी आठवडाभर भांडत होता, की मावशीच्या हुकमात गेलेला वेळ वजा करा.

पहिला येऊन पोचलेला गडी पहिला नव्हे, हे लोकांना पटवता पटवता माझा घसा बसला. एकच हार होता, तो चौघांच्या गळ्यांतून फिरला. मग माझा वेळांचा कागद घेऊन मंडळी निकालासाठी व्यायामशाळेकडे गेली. ऊन उतरलं, नाका रिकामा झाला. परबाचा पत्ता नव्हता. कोणी म्हणालं, तो ट्रामने कधीच परतला असेल.

"नाय," मावशी म्हणाली. "तो येवचो आसा."

हवालदार आला. "चला बाई, संपलं आता. घरी जा."

"शेवटचो येवचो आसा."

"हुकूम आहे. गर्दी करायची नाही."

"मोज बघया गर्दी. मी येक. ह्यो मास्तर धरून दोन. आणि तू धरून तीन. अजून येकाची जागा आसा."

हवालदाराने खरोखरच एकदा मोजलं. मग तो कपाळाचा घाम पुसत पलीकडे चहा प्यायला निघून गेला.

मी म्हटलं, "मावशी, बस जरा. परब आला नाही तर?"

ती रस्त्यावरची नजर न काढता बोलायला लागली. "मास्तरा, आमचे ह्या शर्यतीत धावत. दर वर्सा. मी तेव्हा नवी नवरी, नाक्यार उभ्या रवाची सोय नाय. ह्याच खोलीत चुलीकडे बसान असंय. घराक इले की विचारी, कसा झाला? तर म्हणत, 'काय गर्दी गो रस्त्यार! सगळे माझ्या नावान आरडत होते!' माका ह्या एवढा बरा वाटा. ते गेले, तेव्हा तेंचो येक दोस्त भेटूक इलो. तेणी सांगल्यान. आमचे दर वर्सा शेवटी येयत. इतके मागसून, की बक्षिसा वाटून माणसा घराक गेलेली आसत. रस्त्यार कोण नाय होतो, मास्तरा. कोणच नाय."

मला तिची फार माया वाटली, आणि त्या न पाहिलेल्या माणसाचीही.

"आणि मी हाकेवर बसलेली," मावशी म्हणाली. "येक हाक मारूक व्हयी होती. पण मारतलंय कशी? नाव कसा घेवचा?"

तेवढ्यात परळच्या बाजूने काहीतरी हलताना दिसलं. परबच होता. साखळी निसटली असावी, हात आणि सदरा वंगणाने काळे झाले होते. रुईची गाठ ठेवावी तसा तो सायकलवर ठेवलेला दिसत होता आणि उतरून चालत जावं की काय अशा विचारात होता. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं.

मावशीने तोंड उघडलं. नेहमीचं "उचल" काही बाहेर येईना. तिने खांबाला धरलेला हात सोडला, ती रस्त्याच्या कडेला आली, आणि मग सगळ्या लालबागेला ऐकू जाईल असं ओरडली, "रघुनाथ!"

परब सायकलवरून पडता पडता राहिला.

"रघुनाथ! उचल पाय! मी आसंय हय! रघुनाथ! रघुनाथ!"

तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता. पलीकडे हवालदार कपबशी हातात धरून तसाच उभा होता. परबाने एकदा मागे वळून पाहिलं, ह्या नावाचा आणखी कोणी येतोय का म्हणून. कोणी नव्हतं. मग तो गडी आयुष्यात पहिल्यांदा सीटवरून उठला आणि उभ्याने पायडल मारत नाक्यावर आला.

संध्याकाळी खानावळीत सगळे त्याच्यावर तुटून पडले. "काय परब, शेवटून पहिले! वाटेत झोपला होता की काय?" एरवी हा माणूस खाली मान घालून जेवला असता. पण त्या दिवशी त्याने भात कालवता कालवता मान वर केली.

"हसा," तो म्हणाला. "तुमी सगळे निघान गेल्यात, तुमका काय म्हायत? काय गर्दी होती रस्त्यार! सगळे माझ्या नावान आरडत होते!"

हशा पिकला. "जमावबंदीत गर्दी? कोणी बघितली?"

मी ताटातली नजर वर काढली नाही. मावशी कढीची पळी घेऊन चुलीपुढे उभी होती. ती कोपऱ्यात आली, खाली वाकली आणि परबाच्या वाटीत काठोकाठ कढी ओतली.

"ओ कोपऱ्यातले खरा सांगतत," ती म्हणाली. "मोठो जमाव होतो. मी बघलंय."

मग ताटावरून एक गडी उठला, तशी ती उंबऱ्याकडे वळली आणि बाहेर उभ्या असलेल्या गड्याला म्हणाली, "तू बस रे. येक उठलो."