सिरिल ओल्ड्रॉइडसाठी लागलेली रांग

यॉर्क शहर दोन दिवसांत कसं उरकायचं, हे ऑब्री पिकरिंगला कुणी शिकवायची गरज नव्हती! हडर्सफील्डच्या बस आगारात त्याने चौतीस वर्षं वेळापत्रकं आखली होती. निवृत्त होऊन चार महिने झाले, तरी हात शिवशिवतच होते. सहलीचा कागद त्याने मिनिटांवर बांधला होता.

"यात दम कधी खायचा?" बायकोने, डोरीनने, विचारलं.

"तटावर बाक आहेत. चार मिनिटं धरलीयत."

तटबंदीवरची फेरी वेळेत झाली. पण मिकलगेटच्या वेशीपाशी खाली उतरल्यावर नकाशा आणि गल्ल्या यांचा मेळ बसेना. एका चिमुकल्या चर्चच्या बंद दारापाशी थांबून ऑब्री नकाशा आडवा-उभा करू लागला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माफ करा हं, तुम्ही रांगेत आहात का?"

जांभळी टोपी घातलेल्या एक बाई होत्या. सभ्य अंतर राखून त्या आधीच उभ्याही राहिल्या होत्या. आता "नाही" म्हणायचं म्हणजे चार लोकांत त्यांना वेड्यात काढायचं! ऑब्रीला ते जमण्यातलं नव्हतं.

"हो, बहुधा," तो म्हणाला.

"कसली रांग?" डोरीन कुजबुजली.

"हळू बोल! मागे माणसं आहेत."

खरंच होती. टोपीवाल्या बाईंच्या मागे लीड्सचं एक जोडपं लागलं, त्यांच्यामागे दोन विद्यार्थिनी, मग पाठीवर पिशव्या घेतलेलं अख्खं पदभ्रमण मंडळ! दहा मिनिटांत रांग कोपऱ्यावरून वळली. एकाने तर पुढे येऊन विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

वेळ विचारल्यावर ऑब्रीला गप्प बसवेना. "वीस मिनिटं," तो बोलून गेला.

"म्हणजे काहीतरी खासच असणार!" म्हणत त्या माणसाने मेव्हण्याला फोन लावला.

"ऑब्री, निघू या."

"पहिलाच माणूस कसा निघून जाईल? मागच्यांनी काय समजायचं?"

अकराच्या ठोक्याला दार उघडलं. तरुण पाद्रीबाबा बाहेर आले, रांग बघून जागच्या जागी थबकले आणि त्यांचे डोळे भरून आले. "या, या! एनिडला केवढा धीर येईल!" म्हणत त्यांनी ऑब्रीच्या हातात एक घडीचा कागद दिला. त्यावर एका हडकुळ्या गृहस्थाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: सिरिल ओल्ड्रॉइड, घड्याळं दुरुस्त करणारे, वय एकोणऐंशी.

कागद हातात धरून ऑब्री आत शिरला. समोर शवपेटी होती. पहिल्या बाकावर काळ्या कोटातली एक म्हातारी आणि तिची शेजारीण. बस्स, एवढंच.

"ही त्याची बहीण, एनिड," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. "दोघंच होती एकमेकांना. कुणी येणार नाही या धास्तीने आठवडाभर धड जेवली नाही ती. काल म्हणाली, लवकर आटपून घ्या, रिकाम्या बाकांपुढे त्याला ठेवायचं माझ्या जिवावर येतं."

ऑब्री दुसऱ्या बाकावर बसला. मागे बाकं भरत गेली. जो तो पेटी बघून दचकत होता आणि दचकून खाली बसत होता. उठून जायचं कुणी? पदभ्रमण मंडळाने टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. बाकं संपली, तेव्हा उरलेले बाहेरच थांबले.

प्रार्थना झाली. "मित्रांपैकी कुणी दोन शब्द बोलणार का?" पाद्रीबाबांनी विचारलं.

टोपीवाल्या बाईंनी ऑब्रीला कोपराने ढोसलं. "तुम्ही पहिले होतात."

ऑब्री उठला. खरं सांगावं, तर त्या म्हातारीची भरल्या चर्चमध्ये शोभा होणार. खोटं बोलावं, तर तेही पेटीसमोर उभं राहून! त्याने घसा खाकरला.

"मी सिरिलना फारसं ओळखत नव्हतो," तो म्हणाला. हे खोडून काढणारं तिथे कुणी नव्हतं. "पण आज त्यांच्यासाठी माणसं उभी राहिली. कुणी पुढे घुसलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. मी जन्मभर थांब्यांवर ताटकळणारी माणसं बघितलीयत. इतक्या शांतपणे..." चार महिन्यांत आगारातून आपल्याला एकही फोन आला नाही, हे त्याला नेमकं आत्ता आठवलं. "इतक्या शांतपणे माणसं सहसा कुणासाठी थांबत नाहीत," असं कसंबसं म्हणून तो खाली बसला. डोरीनने त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

नंतर बाजूच्या खोलीत चहा होता. सहाजणांपुरती सँडविचं डोरीनने चिरून चिरून चाळीसजणांत पुरवली. एनिड ऑब्रीपाशी आली.

"मिस ओल्ड्रॉइड, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"नका सांगू. मी या खिडकीतून सगळं बघत होते. आधी तुम्ही दोघंच आलात. मग त्या टोपीवाल्या बाई तुमच्यामागे उभ्या राहिल्या."

ऑब्रीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलायलाच निघाले होते. पण कोट घालेपर्यंत रांग कोपऱ्यावर गेली. एवढ्या माणसांना 'तुमचं चुकलंय' म्हणून सांगायचं? बरं दिसतं का ते?"

ऑब्रीनेही तेच केलं असतं.

तेवढ्यात पाद्रीबाबा घाईघाईने आत आले. "एनिड, बाहेर अजून पंधराएकजण उभे आहेत. त्यांना काय सांगू?"

एनिडने डोळे पुसले आणि कोटाची बटणं नीट लावली.

"आत घ्या ना त्यांना," ती म्हणाली. "आमच्या सिरिलला भेटायला आलीयत ती माणसं."