गाडीची खडखड आणि वानखेडे काका

वानखेडे काका आमच्या घरी आले की चहाच्या आधी आमचा फ्रिज ऐकतात. कान लावून, डोळे मिटून. "अजून दोन वर्षं काढेल," असं सर्टिफिकेट देऊन झालं की मगच खुर्चीवर बसतात. अशा वेळी घरात दुसरे पाहुणे असले तर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माणूस मूळचा नागपूरचा. जर्मनीत नेकारसुल्मला एका फर्ममध्ये गाडीतले नको असलेले आवाज शोधण्यात त्यांची हयात गेली. पण काम हापिसात ठेवून घरी येतील तर ते वानखेडे काका कसले! एकदा आमच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात माइक खरखरायला लागला, तर हे भाषण अर्धवट टाकून वायर हुडकायला स्टेजखाली शिरले. भाषण त्यांचंच चालू होतं.

आणि आवाज त्यांना मराठीतच सांगावा लागतो. "जर्मन लोक काय म्हणतात? कुठलाही आवाज असो, गेरॉइश. संपलं! आपल्याकडे बघा. खुळखुळ, खरखर, कुरकुर, टकटक, ठकठक, खडखड. बाप्पा! अर्धं निदान तर शब्दातच होते."

मी हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत असे. मग दहाएक वर्षांपूर्वी माझ्यावरच वेळ आली.

मला एका खेड्यातल्या औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती. प्रोबेत्साइट चालू, म्हणजे पसंत पडले नाही तर कधीही घरी पाठवणार. सकाळची शिफ्ट, आणि त्या वेळेला तिकडे एकही बस नाही. सगळी भिस्त आमच्या जुन्या लांबड्या गाडीवर. ती रोज सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद वाजायला लागली.

गुरुवारी कामावरून येताना गाडी गॅरेजमध्ये नेली. तोवर इंजिन तापलेलं, त्यामुळे बया अगदी गप्प. मालक, म्हणजे तिथला माइस्टर, विचारतो, आवाज कसा येतो? माझं जर्मन तेव्हा बेतास बात. दारावर ठकठक करतात त्याला क्लासमध्ये 'क्लोप्फन' शिकवलेलं, तेवढं पक्कं पाठ. "एस क्लोप्फ्ट!" मी ठणकावून सांगितलं.

माइस्टरचा चेहरा पडला. इतक्या जुन्या गाडीचं इंजिन सुरू होताना आतून ठकठकतंय, म्हणजे बेअरिंग गेलेलं. दुरुस्तीत अर्थ नाही, लांब तर नेऊच नका, म्हणाला. भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगून मी घरी आले आणि ढसाढसा रडले. "मिळेल गं दुसरी नोकरी," असं माझा नवरा संदीप म्हणाला, तेव्हा तर मी पार भडकले.

शेवटी काकांना फोन लावला.

"काका, गाडी क्लोप्फ्ट करते."

"मराठीत सांगा, ताई!"

"अहो, खडखडते! पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तशी. मग एकदम गप्प."

काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "खडखड? ठकठक नाही? नक्की?"

"खडखड, खडखड, खडखड!" मी किंचाळले.

"मग रडता काहून? सकाळी येतो. तोवर तिला कुणी हात लावू नका. पार थंड होऊ द्या."

शुक्रवारी उजाडताच काका हजर. मी कामावर विनवण्या करून रजा घेतलेली. आल्या आल्या म्हणाले, "लाटणं द्या." मला वाटलं, माणूस कामातून गेला. पण त्यांनी लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला. आवाज दोन-तीन सेकंदांचा. आज हुकला तर उद्यापर्यंत थांबा, आणि उद्या भंगारवाला येणार. तळमजल्यावरच्या जर्मन आजी खिडकीत येऊन बघायला लागल्या. संदीपने किल्ली फिरवली. काकांनी लाटणं आधी खाली, मग झटकन वर धरलं.

"खाली बेअरिंग शांत. वर साखळी खडखडते. ऑइल फिल्टर कुणी बदलला?"

"मी!" संदीप छाती फुगवून म्हणाला. "ऑनलाइन मागवला. मस्त स्वस्तात मिळाला."

काकांनी लाटणं त्याच्यावरच रोखलं. "तेल अडवणारी झडपच त्यात नीट नाही. रात्रीतून सगळं तेल खाली उतरते. सकाळी साखळी ताणून धरणाऱ्या भागाला तेल मिळेपर्यंत ती कोरडीच खडखडते. एवढंच!"

गाडी घेऊन आम्ही तिघं माइस्टरकडे. काकांनी एकच वाक्य टाकलं, "एस रास्सेल्ट." खडखडते.

"आख सो, रास्सेल्ट!" माइस्टरने कपाळावर हात मारला. "मग तसं सांगायचं ना बाई!" त्याने चांगला फिल्टर आणि ताजं तेल घातलं.

शनिवारी सकाळी भंगारवाला ट्रक घेऊन दारात उभा. मी त्याच्यासमोर किल्ली फिरवली. एक चकार आवाज नाही! "नाइन, डांके!" म्हणजे नको, आभारी आहे, असं त्याला सांगताना मला जो आनंद झाला, तो लग्नातसुद्धा झाला नव्हता. आजींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. काका लाटणं उंच धरून अंगणात उभे होते.

सोमवारी पहाटे कामाला निघाले तर काका गाडीपाशी उभे. "रस्त्यावर पळताना ऐकायला पाहिजे, ताई. मी सुट्टी टाकली आहे, येताना उशिराच्या बसने येईन." त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मी रेडिओ लावला नाही, तोंडही बंद ठेवलं. अर्धा रस्ता तसाच गेला.

"कशी वाटते?"

"एकदम ठणठणीत." मग जरा थांबून म्हणाले, "काही बोला ना, ताई."

"अहो, तुम्हाला इंजिन ऐकायचंय ना?"

"ते परवाच ऐकलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमच्या काकू गेल्या, मग पोरगी शिकायला ड्रेस्डेनला गेली. फोनवर बोलते, पण जर्मनमध्ये, आणि घाईत. घरात काही वाजतच नाही हो आता."

मला भडभडून आलं. ते दिसू नये म्हणून मी बोलायलाच सुरुवात केली. सासूबाईंची पथ्यं, संदीपची ऑनलाइन खरेदी, लॅबमधली खडूस बॉस. कारखान्याचं फाटक आलं तरी माझं संपेना, आणि काका मनापासून हसत होते.

उतरताना मी म्हटलं, "काका, आज रात्री जेवायला या. पोरं सारखी भांडतात, कुकर, टीव्ही, सगळं एकदम चालू असतं. आमच्याकडे फार गोंगाट असतो हं, आधीच सांगून ठेवते."

"किती वाजता येऊ?" काकांनी लगेच विचारलं.