जनूतात्या रक्त बघायला येतात

बारामतीतल्या आमच्या लॅबमध्ये रक्त देताना लोक तोंड दुसरीकडे फिरवतात. सणसरचे जनूतात्या मात्र रक्त दिल्यावर ते गोठताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरी जात नाहीत.

तात्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून ते रोज रक्त पातळ करायची गोळी घेतात, आणि रक्त हवं तेवढंच पातळ आहे ना, हे तपासायला दर महिन्याला माझ्याकडे येतात. तपासणी मशीन करतं. पण तात्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. "डब्यात काय चाललंय, कुणाला दिसतंय?" मग मी त्यांच्यासाठी ती हातानंही करते. रक्ताची निळ्या टोपणाची नळी दुसऱ्या मशीनमध्ये गरगर फिरवली की तांबडं खाली बसतं. वरचं पिवळसर पाणी काचेच्या नळीत घेऊन कोमट पाण्यात ठेवायचं, औषध टाकून स्टॉपवॉच दाबायचं आणि नळी हळूहळू कलती करत राहायचं. वाहतं पाणी अचानक थबकतं, त्यात जाळं धरतं. तेवढा वेळ मोजायचा.

तात्या उमेदीत गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे ते ठरवायचे. त्यामुळं माझ्या खांद्यावरून वाकून सांगतात, "आता धरतंय बघ." बहुतेक वेळा त्यांचा अंदाज चुकतो. मग आजचं औषधच थंड होतं, असं म्हणतात. एकदा त्यांनी बाकावरच्या एका बाईंना, तुमचं रक्त चांगल्या उसाच्या पाकागत दिसतंय, असं कौतुकानं सांगितलं. बाई शुगर तपासायला आल्या होत्या. घाबरून उठूनच गेल्या.

मागच्या हिवाळ्यात मी नळी कलती केली, तर पाणी वाहतच राहिलं. तात्या आणखी खाली वाकले. मशीनचा आकडाही भलताच वर गेलेला. दात घासताना रक्त येतं का, असं विचारलं, तर हळूच म्हणाले, "येतंय थोडं."

मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी काही दिवस थांबवायला सांगितली आणि खाण्यात काय बदल झाला, ते विचारलं. तेव्हा कळलं, की नातू झाला म्हणून तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मुलाकडं पुण्याला गेल्या होत्या. त्या असताना घरात रोज पालेभाजी व्हायची. पालेभाजीनं रक्त गोठायला मदत होते, आणि गोळीचं माप त्या जेवणाला धरून ठरलेलं. आता तात्या भाकरी आणि ठेच्यावर होते. भाजी सुटली, तसं रक्त जास्तच पातळ झालं.

काकूंना बोलावून घ्या, म्हटलं. तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तिला न्हाय सांगायचं, पोरी. ती नातवाला टाकून पळत येईल. मीच शिकतो भाजी."

आणि शिकले. काही दिवसांनी परत तपासलं, तेव्हा नळीतलं पाणी वेळेवर थबकलं. तात्यांनी तिथंच काकूंना फोन लावला. मेथी जरा करपली हाय, पण रक्त बेस हाय, असं ओरडून सांगितलं. पलीकडून नातवाचं रडणं ऐकू आलं. फोन कानाला लावून ते बराच वेळ नुसतं ऐकत बसले.

फोन ठेवला तरी ते उठेनात. तुमची एसटी चुकेल, म्हटलं, तर टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले,

"पुढच्या गाडीनं जातो. घर लई गप्प असतंय."

मी त्यांची खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली.