सहाय्यक प्रशिक्षक टिकवून ठेवण्याबाबत

कोणत्याही संस्थेत माणसाची किंमत तो असेपर्यंत ठरत नाही, तो जाणार अशी कुणकुण लागली की ठरते. ही पद्धत मोठी सोयीची आहे. तिच्यामुळे असलेल्या माणसांची रोज उठून कदर करण्याचा त्रास वाचतो आणि तो वेळ सभांना देता येतो. अलीकडच्या क्लबच्या फुटबॉल समर्थक मंडळाने ही पद्धत वर्षानुवर्षे निष्ठेने पाळली होती. (नदीच्या अलीकडे एक क्लब आहे आणि पलीकडे एक. मधे पूल आहे. पलीकडच्या क्लबबद्दल मंडळाच्या घटनेत स्वतंत्र कलम आहे, पण त्याची भाषा इथे देण्यासारखी नाही.)

मंडळाचे चिटणीस म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले सहाय्यक अधीक्षक. एकतीस वर्षे ते सहाय्यकच होते. या काळात अधीक्षक सहा आले, सहा गेले, आणि कोणत्या कागदावर कुठे सही करायची इथपासून प्रत्येकाला चिटणिसांनीच तयार केले. निरोपाच्या दिवशी सहाव्या अधीक्षकांनी फार जिव्हाळ्याचे भाषण केले. फक्त ते आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या टायपिस्टबद्दलचे होते, कागद चुकून तोच हाती आला. चिटणिसांनी ते शेवटपर्यंत ऐकले, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बायकोला "बरं झालं" एवढेच सांगितले.

तर एका रविवारी सकाळी मंडळाच्या सभेत 'ऑफसाइड' धापा टाकत आला. हे त्याचे टोपणनाव. धंदा किल्ल्या बनवण्याचा, पण मैदानावर गेली वीस वर्षे तो एवढा एकच शब्द ओरडत आला आहे आणि शंभरात सात वेळा तो बरोबरही असतो. सभा अध्यक्षांच्या दवाखान्यात भरतात, कारण अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत चौदा खुर्च्या आहेत. भिंतीवर जबड्याचा मोठा तक्ता आहे. त्याच्याखाली उभे राहून ऑफसाइडने बातमी दिली.

"आपला सहाय्यक प्रशिक्षक पुलावर उभा होता. पलीकडे बघत."

"किती वेळ?" चिटणिसांनी वही उघडली.

"चांगली पाच मिनिटं. आणि एक उसासा टाकला."

"तोच होता कशावरून?" अध्यक्षांनी विचारले.

"जाकिटावर लिहिलेलं असतं की हो पाठीवर. सहाय्यक प्रशिक्षक म्हणून."

पुरावा बिनतोड होता. सभासदांच्या तोंडचे पाणी पळाले. पलीकडच्यांनी यापूर्वी एक गोलकीपर नेला होता, मैदानाचे गवत राखणारा माळी नेला होता, आणि आता हा. तो गेला तर आपला संघ संपला, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठरावाला कारण जोडावे लागते, म्हणून चिटणिसांनी विचारले, "तो नेमकं काय काम करतो?"

यावर चांगली चर्चा झाली. एकाच्या मते तो पाण्याच्या बाटल्या भरतो. दुसऱ्याने त्याला मुख्य प्रशिक्षकांच्या डाव्या हाताला बसलेला पाहिले होते. अध्यक्ष म्हणाले, बहुधा धोरण त्याच्याकडे असावे, कारण धोरण कधी दिसत नाही. तेवढ्यात दार उघडून एक माणूस आत आला. त्याचा हात गालावर होता.

"डॉक्टर आहेत का? दाढ फार ठणकतेय."

"आज रविवार. दवाखाना बंद, सभा चालू आहे," चिटणीस म्हणाले. "आपण सभासद आहात का?"

"नाही."

"मग बसता येणार नाही. विषय गोपनीय आहे."

तो "बरं" म्हणाला आणि दार हळूच लोटून निघून गेला. (हाच सहाय्यक प्रशिक्षक. सुटी असल्यामुळे त्याच्या अंगात जाकीट नव्हते. मंडळाने अकरा वर्षे त्याला फक्त पाठीकडून पाहिले होते, तेव्हा यात कोणाकडे बोट दाखवता येत नाही.) व्यत्यय दूर झाल्यावर सभेने एक निरीक्षण उपसमिती नेमली. तिने सहा दिवस सहाय्यक प्रशिक्षकावर नजर ठेवून त्याचे महत्त्व शोधून काढायचे होते. उपसमितीचे सदस्य एक, चिटणीस.

घरी बायको म्हणाली, "अहो, एवढं कशाला? त्यालाच विचारा की, जातोयस का म्हणून. आणि नको जाऊस म्हणून सांगा."

"असं थेट कसं विचारणार? त्याचा अर्ज आलेला नाही," चिटणीस म्हणाले.

"मग अर्ज आल्यावर सांगणार?"

"अर्ज आल्यावर तर काहीच बोलता येत नाही. प्रकरण विचाराधीन होतं." बायकोने हात टेकले आणि त्यांना डबा भरून दिला.

सोमवारी सकाळी सव्वासहाला चिटणीस सरावाच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण लावून बसले. जाकीट घालून फाटक उघडायला जो माणूस आला, त्याचा चेहरा पाहून ते जरा ओशाळले. दाढवाला! मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सभेचे नियम सर्वांना सारखेच असतात. रविवारची बाब निरीक्षणाच्या मुदतीपूर्वीची असल्याने नोंदीत घेतली नाही.

मंगळवारी सराव संपल्यावर सहाय्यक प्रशिक्षक तडक पुलाकडे निघाला. चिटणीस वीस पावले मागे राहून पूल ओलांडून गेले. पलीकडे तो एका इमारतीत शिरला. दारावर दातांच्या डॉक्टरांची पाटी होती. चिटणीस समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि त्यांना क्षणभर हायसे वाटले. मग लक्षात आले, की हे अध्यक्षांना सांगणे शक्य नाही. अलीकडचा प्रशिक्षक पलीकडे जाणे ही आपत्ती होती, पण अलीकडचा पेशंट पलीकडे जाणे हा अध्यक्षांचा वैयक्तिक अपमान झाला असता. म्हणून त्यांनी वहीत लिहिले: 'मंगळवार. पलीकडे गेला. पाऊण तास आत होता. कारण: खासगी.' ही नोंद मंडळाने वाचली तेव्हा दोन सभासदांना खुर्चीवरून उठवेना.

बाकीच्या दिवसांत मात्र चिटणिसांना जे दिसले, त्याने ते हरखून गेले. मुख्य प्रशिक्षक एका सरावात सरासरी चौसष्ट वेळा ओरडतात. त्यानंतर सहाय्यक प्रशिक्षक चौसष्ट वेळा त्या त्या खेळाडूजवळ जाऊन तीच गोष्ट हळू सांगतो. खेळाडू दुसऱ्या खेपेला ऐकतात. (मुख्य प्रशिक्षकांचा समज, पहिल्या खेपेला ऐकतात.) सरावासाठी तो सत्तेचाळीस प्लास्टिकचे शंकू मांडतो आणि नंतर उचलतो. गुरुवारी सेहेचाळीसच भरले, तर सत्तेचाळिसाव्यासाठी तो सगळे मैदान पुन्हा फिरला. डाव्या बाजूच्या बचावपटूच्या घरी काही बिनसले होते. सहाय्यक प्रशिक्षकाने त्याच्याबरोबर मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, एक शब्दही न बोलता, आणि चौथ्या फेरीला बचावपटू स्वतःच बोलायला लागला. बाटल्याही तोच भरत होता.

पण खरा शोध शनिवारचा. पेनल्टी किकच्या आधी गोलकीपर बाकाकडे पाहतो. बाकावरून सहाय्यक प्रशिक्षक कान खाजवतो, उजवा किंवा डावा, आणि गोलकीपर त्या बाजूला झेप घेतो. गेल्या हंगामात वाचवलेल्या नऊ पेनल्टींचे हे रहस्य दोघांखेरीज जगात कोणाला ठाऊक नव्हते. चिटणिसांनी ते आकृतीसह उतरवून घेतले.

पुढचे चार दिवस ते जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहीत बसले. खात्यात त्यांनी हजारो अहवाल लिहिले होते आणि सगळ्यांवर दुसऱ्याची सही झाली होती, पण असा हात कधी चालला नव्हता. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली तरी ते उठेनात. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिले: 'सदर व्यक्ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येईल. परंतु जे आजवर आपोआप होते असे वाटत होते ते होणार नाही, आणि ते का होत नाही हे कोणाला कळणार नाही.' हे वाक्य लिहून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ते कोणाविषयी लिहिले होते याबद्दल मतभेद संभवतात.

एकोणीस पाने आणि दोन परिशिष्टे मंडळाने उभे राहून टाळ्यांच्या गजरात स्वीकारली. "आता बघू कोण त्याला नेतो ते!" अध्यक्ष म्हणाले. अहवाल दुसऱ्या दिवशी रवाना झाला. खात्याच्या शिस्तीप्रमाणे शेवटी प्रतींची यादी होती: क्लबचे अध्यक्ष, मुख्य प्रशिक्षक, जिल्हा संघटना, दोन वर्तमानपत्रे, मंडळाचे दप्तर. यांखेरीज, प्रकरणाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना अंधारात ठेवणे चिटणिसांच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे, एक प्रत पलीकडच्या क्लबचे सचिव यांना, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.

उत्तर फक्त एकाकडून आले. चार दिवसांत आले, याची सभेत प्रथम प्रशंसा झाली. मग चिटणिसांनी ते वाचले. 'आपला सविस्तर अहवाल आमच्या कार्यकारिणीत संपूर्ण वाचण्यात आला. सदर गृहस्थांविषयी आम्हांला आजवर काहीही माहिती नव्हती, याचा खेद वाटतो. परिशिष्ट 'ब' (कान) विशेष उपयुक्त वाटले. सुचवल्याप्रमाणे योग्य ती कार्यवाही केली आहे.'

अध्यक्षांनी पत्र मागून घेतले आणि जबड्याच्या तक्त्याखाली उभे राहून पुन्हा वाचले.

"त्यांना प्रत कोणी पाठवली?" अध्यक्षांनी शेवटी विचारले.

"ते संबंधित होते," चिटणीस म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नसावा, कारण त्यांनी तेच पुन्हा म्हटले.

"ऑफसाइड!" ऑफसाइड ओरडला, आणि हा शंभरातल्या त्या सातांपैकी एक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिटणिसांच्या दाराची बेल वाजली. दारात सहाय्यक प्रशिक्षक उभा होता. जाकीट त्याने क्लबात जमा केले होते, तरी चिटणिसांनी त्याला लगेच ओळखले.

"काका, तो अहवाल तुम्हीच लिहिलात ना?"

"मंडळाने लिहिला," चिटणीस सवयीने म्हणाले. मग म्हणाले, "हो. मीच लिहिला."

"त्याची एक प्रत मिळेल का? तिकडे त्यांनी मला वाचून दाखवला, पण हातात देईनात. गोपनीय आहे म्हणाले. आईला दाखवायचा होता. तिला अजून वाटतं, मी नुसत्या बाटल्या भरतो."

"बाटल्यांचंही आहे त्यात. पान सहा."

"ऐकलं मी," तो हसला.

"जाऊ नका," चिटणीस एकदम म्हणाले. विषय नाही, संदर्भ नाही, एवढे लहान वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला उद्देशून वापरले नव्हते. आतल्या दाराशी त्यांची बायको पाण्याचा पेला घेऊन थबकली.

"परवाच सही केली, काका," तो म्हणाला. "खरं सांगू? मी नाही म्हणायलाच गेलो होतो. पण त्यांनी ते वाचायला घेतलं. सत्तेचाळिसावा शंकू, त्या पोराबरोबरच्या फेऱ्या... माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं, अकरा वर्षं मी आपल्या क्लबात घालवली, कोणी समोरून ओळखलं नाही, आणि ही परकी माणसं माझं एवढं बघत होती? मला वाटलं, हे सगळं त्यांनीच पाहिलंय. तिथल्या तिथे सही करून टाकली. मग शेवटचं पान उलटलं, तर खाली तुमची सही."

चिटणीस वळले, कपाट उघडले आणि दप्तरची प्रत काढली. दप्तरची प्रत बाहेर द्यायची नसते. ती त्यांनी दोन्ही हातांनी त्याला दिली. तो गेल्यावर ते कपाटापाशीच उभे राहिले, आणि बायकोने पेला पुढे केला तेव्हा म्हणाले, "मी आधीच विचारायला हवं होतं गं." तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मंडळाने रीतसर चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानुसार एकूण प्रती सात काढण्यात आल्या, सातही वेळेत पोचल्या आणि कार्यपद्धतीत कोणताही दोष आढळला नाही. सहाय्यक प्रशिक्षकाला प्रत का पाठवली नाही, असा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. तो प्रकरणाचा विषय होता, आणि विषयाला प्रत पाठवण्याची पद्धत कोणत्याच कचेरीत नाही.

मंडळाचे हसू येत असेल तर खुशाल हसावे, त्याला सभासद असण्याची अट नाही. एव्हाना तुमच्याही डोळ्यांपुढे कोणीतरी आलेच असेल, शेजारच्या टेबलावरचे किंवा घरातलेच. त्याच्यावाचून तुमचे पान हलत नाही, हे तुम्ही चारचौघांत नेहमी मोकळ्या मनाने सांगता, आणि ते आता बहुतेक सगळ्यांना माहीत आहे, त्याला सोडून.