ट्रेलरला धावून आलेली गल्ली

फुकट ते पौष्टिक, हे माझं आयुष्यभराचं धोरण आहे. (आमचे सासरे याला चिकटपणा म्हणत. ते अल्लाला प्यारे झाले, धोरण टिकलं.) त्यामुळे तुमादिरने, म्हणजे माझ्या बायकोने, आपल्या चॅनेलसाठी ट्रेलर करून घ्यायचं काढलं आणि तिच्या आतेभावाने त्याचा भाव सांगितला, तेव्हा मी सोफ्यावर पडल्यापडल्या नुसता हात उडवला. म्हणालो, "त्यात काय एवढं? मी करतो. फुकटात."

माणसाचं वाटोळं व्हायला भाषण लागत नाही, एवढं पुरतं.

तुमादिर गणिताची मास्तरीण. तिची शाळा बंद पडली, तेव्हापासून ती घरात. पहिले काही महिने तिने कपाटं आवरली, मग मला आवरायला घेतलं, आणि मग एक दिवस कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायला बसली. तो ती लोकांना लाइव्ह दाखवू लागली. खेळते तर झकासच, पण खरी गंमत तिच्या तोंडात आहे. शत्रू आडवा पडला की ती त्याला सांगते, उद्या वडिलांना घेऊन ये. कोणी भिंतीआड दडला की म्हणते, मागच्या बाकावरचे, मला दिसतंय सगळं. बघणारे मोजकेच, पण एकदा बसलेला उठत नसे.

अशात अम्मानमधल्या एका मोठ्या गेमिंग हॉलने बायकांची स्पर्धा सुरू करायची ठरवली. सामना चालू असताना तो रंगवून सांगणारी बाई त्यांना हवी होती. चॅनेलचा पत्ता शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा, आम्ही आधी ट्रेलर बघू, तो आवडला तरच पुढचं बोलू, असं त्यांचं म्हणणं. दुपारनंतर केलेले बदल धरणार नव्हते.

"मला पुन्हा माणसांसमोर उभं राहायचंय, मुतासिम," ती म्हणाली. "भिंतीशी बोलून बोलून जीव विटलाय. तू नक्की करशील ना नीट?"

मी छातीवर हात ठेवला. (माझा छातीवरचा हात आणि डोळ्यांवरची पट्टी, दोन्ही एकदम येतात.)

तर मी कामाला लागलो. फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. त्यात मोर होते, गुलाब होते, लग्नाच्या चौकटी होत्या आणि कोपऱ्यात कंपनीचं नाव होतं, ते जात नव्हतं. आवाज साफ करायचं बटणही होतं, पण त्याला पैसे पडत होते, म्हणून मी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. तुमादिरच्या जुन्या लाइव्हमधले उत्तमोत्तम तुकडे निवडून मी एकामागोमाग जोडले. त्यावर माझा स्वतःचा भारदस्त आवाज चढवला. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून आहे. फोन केल्यावर 'आपल्या भागात पाणी मंगळवारी येईल' असं जो सांगतो तो मीच. त्यामुळे 'ती येत आहे' हे वाक्यही थोडं मंगळवारसारखं झालं, पण मला ते आवडलं. संगीत टाकलंच नाही. कुठलंही संगीत घ्या, त्याचा मालक उगवतो.

पूर्ण झालेला ट्रेलर मी कानाला हेडफोन लावून पुन्हापुन्हा पाहिला. तुमादिरनेही पाहिला. गुलाबांची चौकट तेवढी काढ म्हणाली, बाकी बरा आहे म्हणाली. शुक्रवारच्या नमाजाला जायच्या आधी मी तो चॅनेलवर चढवला आणि तिने हॉलला पत्ता पाठवला.

दुपारी सासूबाई जेवायला आल्या. बरोबर माझा मेव्हणा गाझी. हा लग्नात गाणी वाजवायला स्पीकर भाड्याने देतो, त्यातला एक कपाटाएवढा तो ट्रेलरसाठी मुद्दाम उचलून घेऊन आला होता. मकलूबा, म्हणजे आमचा उलटून वाढायचा मटणभात, झाला, चहा झाला. वायर अपुरी पडली म्हणून स्पीकर गॅलरीच्या दारात उभा केला, तोंड गल्लीकडे. जानेवारीचे दिवस, पण शेगडीचा वास कोंडतो म्हणून दार उघडंच होतं.

मी कळ दाबली. पडद्यावर तुमादिर शत्रूवर झेपावली आणि सासूबाई ताडकन उठल्या.

"खाला, बसा ना, आता तर खरी मजा आहे," मी म्हणालो.

"मजा मरू दे, जावईबापू. माझी टाकी संपलीय," असं म्हणत त्या जिन्याकडे निघाल्यासुद्धा. (त्या खालच्याच मजल्यावर राहतात. हे मला लग्नानंतर कळलं.)

मला वाटलं, म्हातारीला कलेची आवड नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावर धाडधाड पावलं वाजली. समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. वरच्या उम्म नौरस ओरडून काहीतरी सांगत होत्या, त्यांचे यजमान एका पायात चप्पल घालून जिना उतरत होते. अख्खी गल्ली खाली लोटली होती आणि सगळ्यांच्या माना आमच्या गॅलरीकडे. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी गाझीला म्हणालो, बघ, लोकांना दर्जा कळतो. आणि आवाज पूर्ण वाढवून ट्रेलर पुन्हा पहिल्यापासून लावला.

पुन्हा म्हणजे पुन्हा पुन्हा. हात हलवून अभिवादनही केलं. खालून कोणी हात हलवला नाही, कारण सगळ्यांच्या हातात रिकाम्या गॅसच्या टाक्या होत्या.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अबू शाहीनचा ट्रक वळला. अबू शाहीन म्हणजे आमच्या भागाचा गॅसवाला, वीस माणसांचा आवाज आणि एका माणसाचं मन असलेला गृहस्थ. लोक त्याच्यावर तुटून पडले. मघापासून वाजवत फिरतोयस आणि थांबत का नाहीस, थट्टा करतोयस का, टाक्या धरून हात गळले आमचे. तो बिचारा शपथा घेत होता की मी आत्ताच येतोय. मग त्याने कान टवकारले आणि त्याचा चेहरा फिरला. आपल्या गल्लीत दुसरा गॅसवाला घुसलाय, अशी त्याची खात्री पटली. आवाजाच्या रोखाने तो थेट आमच्या दारात आला.

"कुठाय तो?" तो म्हणाला.

"कोण?"

"माझी धून वाजवतोय तो."

गाझीने आवाज बंद केला. धून थांबली. गाझीने आवाज सुरू केला. धून वाजू लागली.

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे गॅसचा ट्रक हॉर्न वाजवत नाही, पियानोची एक गोड धून वाजवत फिरतो. जन्मल्यापासून सकाळ-दुपार ती कानावर पडते. टाकी रिकामी असेल तेव्हा ती ऐकू येते. भरलेली असेल तेव्हा ती वाजतच नाही, शांतताच असते. तुमादिर लाइव्हला बसते ती वेळ आणि अबू शाहीनची आमच्या गल्लीतली वेळ एकच. माझ्या ट्रेलरच्या प्रत्येक तुकड्याखाली, झेपेखाली, स्फोटाखाली, माझ्या मंगळवारच्या आवाजाखाली तो ट्रक हळूहळू आमच्या गल्लीचा चढ चढत होता. मी इतक्या वेळा पाहिलं. आमची टाकी गेल्याच आठवड्यात भरली होती.

तुमादिर खुर्चीत बसून राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "त्यांनी बघितलाही असेल," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार पैसे वाचवायला गेलो आणि तिचा वर्ग घालवून बसलो. मी म्हणालो, काढून टाकतो. ती म्हणाली, मग तिथे काय दिसेल, रिकामी पाटी?

अबू शाहीन अजून दारातच होता. तो टोपी काढून आत आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बेटी, एकदा पूर्ण लाव ना. मला कोणी कधी सिनेमात घेतलं नाही."

म्हणून पूर्ण लावला. शत्रूला वडिलांना घेऊन ये म्हटल्यावर तो इतका हसला की टोपी पडली. खाली थांबलेल्या लोकांनी ऐकलं, तेही वर आले. खोली भरली, जिना भरला. लोक म्हणाले, आणखी लाव. तुमादिरने डोळे पुसले, कॉम्प्युटरपुढे बसली आणि त्या सगळ्यांसमोर खेळायलाच लागली. जिन्यावरच्यांना नीट रांगेत बसा म्हणाली. ते बसले.

रात्रीपर्यंत ट्रेलरखाली निरोपांचा पाऊस पडला. कुवेतहून, जर्मनीहून, अमेरिकेहून, जिथेजिथे आमची माणसं पोटासाठी गेली आहेत तिथून. कोणी लिहिलं होतं की इथे थंडी आहे, आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. शारजातल्या एका ड्रायव्हरने लिहिलं, 'गॅससाठी धावलो, आणि बाईंसाठी थांबलो.' तुमादिरने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर मनात दोनदा वाचलेलंही मी पाहिलं.

सोमवारी हॉलवरच्या बाईंचा फोन आला. बाकी सगळ्यांच्या ट्रेलरमध्ये तोच गडगडाट आणि त्याच ठिणग्या. हा लावल्याबरोबर आमचे साहेब उठून खिडकीत गेले, म्हणाल्या. तुमादिरची निवड झाली होती. मी शर्टाची कॉलर नीट करत जवळ सरकलो. ट्रेलर तसाच ठेवा, बाई म्हणाल्या, फक्त मधेमधे तो जो पुरुष काहीतरी सांगतो तेवढा काढून टाका. आणि उद्घाटनाला त्या गॅसवाल्यांना जरूर आणा.

उद्घाटनाच्या दिवशी अबू शाहीन ट्रक धुऊन, हार घालून दारात हजर. पुढे बसायला जागा दोघींची, त्यात तुमादिर आणि सासूबाई बसल्या. मी सूट घालून मागे टाक्यांमध्ये उभा राहिलो. अबू शाहीनने मानाने धून लावली, आणि व्हायचं तेच झालं. वळणावळणावर लोकांनी ट्रक अडवला. तुमादिरला उशीर होता कामा नये, म्हणून शेवटी मी टाक्या घेऊन रस्त्यातच उतरलो आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

सामना फार रंगला म्हणतात. हॉलमधल्या बायका शिस्तीत टाळ्या वाजवत होत्या. मी त्या वेळी एका उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर खांद्यावरची टाकी उतरवत होतो. दारातल्या आजीबाईंनी माझा सूट वरपासून खालपर्यंत पाहिला, टाकी चुलीपर्यंत न्यायला लावली आणि जाताना माझ्या हातावर एक संत्रं ठेवलं.

"नवीन लागलेला दिसतोस," त्या म्हणाल्या. "शिकशील हळूहळू."