टेबल क्रमांक सतरावरील फुंकर

बदामची अठ्ठी निघाली. मात्र तो डाव व्यवस्थापनाने अधिकृतपणे रद्द केला असल्यामुळे अठ्ठी निघालेली नाही आणि वरचं वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही.

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता, मकाऊतल्या आमच्या कॅसिनोत, टेबल क्रमांक सतरावर शेवटचा पत्ता उलटायचा राहिला होता. पत्ते वाटणाऱ्या फोंग वाय-लिनची पाळी तीनला संपत होती आणि चार वाजता नोंदणी कार्यालयात तिचं लग्न होतं. मी शेजारच्या टेबलावर पत्ते वाटतो. माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी साक्षीदार; भोवती बघे आणखी सहा.

आमच्याकडे पत्ता झटकन उलटणं म्हणजे रानटीपणा. ज्याने सर्वांत जास्त पैसे लावलेत त्याने पत्ता कडेने केसभर उचलावा, वाकून बघावं, पुन्हा ठेवावा. त्याला घाई करू नये. त्याच्या खांद्याला हात लावू नये, नशीब गळतं. आणि पत्ता त्याच्या हातात असेतो वाटणारी बदलू नये. त्या दिवशी हा मान चोईकाकांचा होता. पत्त्यांची बेरीज नऊच्या जास्त जवळ जाईल ती बाजू जिंकते; दश्शी आणि चित्रांचे पत्ते शून्य धरतात. समोरच्या बाजूचे सात झाले होते. काकांचा पहिला पत्ता राजा, म्हणजे शून्य. दुसऱ्याच्या कडेला तीन बदाम दिसले. म्हणजे छक्की, सत्ती किंवा अठ्ठी. अठ्ठी आली तरच काका जिंकणार.

“सावकाश, काका,” घड्याळाकडे न बघता वाय-लिन म्हणाली. घड्याळाकडे बघणं नियमात बसत नाही.

“सावकाशच चाललंय, पोरी. अठ्ठी लाजरी असते.”

सव्वातीनला समोरच्या बाजूवर पैसे लावलेल्या, ‘हो’ आडनावाच्या बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी काकांच्या पत्त्यावर फुंकर मारली. फुंकरीने पत्त्यावरचे ठिपके उडतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही जाणतात.

“बाई, माझा एक बदाम उडवलात तुम्ही.”

“एकच? छाती भरून मारली होती.”

शिष्टाचार निरीक्षक लोऊसाहेब आले. त्यांनी निर्णय दिला : स्वतःच्या पत्त्यावर फुंकर ही श्रद्धा, दुसऱ्याच्या पत्त्यावर फुंकर हे अतिक्रमण; सबब हो बाईंनी तेवढाच श्वास परत आत ओढून बदाम पूर्ववत करावा. बाईंनी ओढला. काकांनी हरकत घेतली की जास्त ओढला, आता दश्शी झाली असेल, म्हणजे पुन्हा शून्य.

“अर्धा सोडा,” साहेब म्हणाले.

“मला दमा आहे. थोडा थोडा सोडते.”

पावणेचारला नवरदेव आला. काम-फाई हा बसचालक. अंगात भाड्याचा सूट, हातात लग्नाच्या केकचा डबा.

“लिन, चल.”

“डाव चालू असताना वाटणारीशी बोलू नये,” साहेब म्हणाले.

“मग कोणाशी बोलू?”

“लेखी द्या.”

काम-फाईने चार वाजून पाच मिनिटांपर्यंत सभ्यपणे वाट पाहिली. मग त्याने चोईकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, हात जोडतो, उलटा तो पत्ता.”

काका दचकले. पत्ता सुटून उताणा पडला. सगळ्यांनी पाहिला. साहेबांनी त्यावर रुमाल टाकला आणि डाव रद्द केला, कारण धक्क्याने पडलेला पत्ता उघडलेला धरत नाहीत.

नोंदणी कार्यालयाने कळवलं : पुढची तारीख पाच महिन्यांनी, कामात अडकल्याचा दाखला आणल्यास उद्या सकाळी.

“कोणत्या डावात अडकलीस?” साहेबांनी दाखल्याचा कागद पुढे ओढत विचारलं.

“हाच, सतराचा.”

“तो झालेला नाही. नोंदीप्रमाणे तीन वाजता तू मोकळी होतीस. लग्नाला का गेली नाहीस, हे मी कसं लिहिणार?”

“साहेब, तुम्ही इथेच उभे होतात.”

“उभा होतो. बघत नव्हतो. पाहुण्याच्या पत्त्याकडे बघणं बरं दिसत नाही.”

वाय-लिन माझ्याकडे वळली. “तू तरी सांग रे.”

मी तिला अत्यंत नम्रपणे सांगितलं की दुसऱ्याच्या टेबलावर बोलणं असभ्य आहे.

तरी माननीय व्यवस्थापनास सविनय विनंती की, या प्रसंगी उपस्थित असून मधे न बोललेल्या आम्हा सात जणांना सद्वर्तनाचे प्रमाणपत्र द्यावे, त्याच कागदाच्या मागे वाय-लिनचा दाखलाही लिहावा. आणि ज्या वाचकांनी हा सगळा प्रकार शेवटपर्यंत हसतमुखाने, खुर्चीतून न उठता पाहिला, त्यांची नावेही आमच्याच यादीत, आमच्या वर, घालावीत.