उलट्या गिअरात पसरणी घाट

"घाट घाट म्हणून काय भ्या दावता? रस्ताच की त्यो! जरा तिरका असतोय, येवढंच!"

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चहाच्या दुकानात असं छातीठोकपणे सांगणाऱ्या महादेवप्पानं जन्मात घाट पाहिला नव्हता. चादरींचा व्यापारी माणूस. सोलापूर ते वैराग आणि वैराग ते सोलापूर, सगळा रस्ता पोळपाटासारखा सपाट. पण पंच्याहत्तर साली त्यानं जुनी अँबॅसिडर घेतली आणि घरात महाभारत सुरू झालं. बायको शरणम्मा यष्टीशिवाय कशात पाय ठेवायला तयार नव्हती. शेवटी तोडगाही तिनंच काढला.

"पाचगणीला न्या मला. घाटात भ्या वाटलं तर सोलापुरात आल्या आल्या गाडी इकायची. न्हाय वाटलं तर ऱ्हाऊ द्या."

"ठरलं!"

गडी इरेला पेटला. एका निवृत्त यष्टी ड्रायव्हरकडून घाटाचे नियम तोंडपाठ करून आला. वळणावर हॉर्न वाजवायचा, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कठड्यापासून लांब राहायचं. एवढ्यावर भागेना, म्हणून घरच्या खाटेची नवार सोडून तिचा पट्टा केला आणि निघायच्या दिवशी शरणम्माला पुढच्या सीटला आवळून बांधलं.

"मला काय बाजारला नेताय व्हय?"

"इमानात असंच बांधत्यात!"

वाई सुटली, पसरणी घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर गाडीनं मान टाकली. पहिला गिअर टाकला की निसटे. दुसऱ्यात गाडीला धाप लागे. महादेवप्पाच्या कपाळावर घाम आला. इथून परत फिरलो तर गाडी गेलीच म्हणायची! आणि पेठेत तोंड कुठं दाखवायचं? तेवढ्यात त्याला त्या ड्रायव्हरचं बोलणं आठवलं. सगळ्यात जास्त ताकद रिव्हर्स गिअरला असते! त्यानं रुंद जागा बघून गाडी फिरवली, तिचं तोंड वाईकडे केलं, डाव्या खांद्यावरून मान मागे वळवली आणि उलटी गाडी वर चढवायला लागला.

"अवो, परत निघालो व्हय?"

"न्हाय. घाटात असंच चढायचं असतंय. म्हंजे बायकामाणसांस्नी दरी दिसती!"

"असं व्हय!" शरणम्मा खूश झाली. समोर सगळं कृष्णेचं खोरं उलगडत होतं, हिरवी-पिवळी शेतं, नदीकाठची देवळं, चांदीच्या तारेसारखी नदी. ती एकेक गोष्ट सांगत होती आणि तो मागच्या काचेतून फक्त डांबर बघत होता.

एवढ्यात खालून यष्टी आली. तिला समोर अँबॅसिडरचं तोंड दिसलं, तेही तिच्याच बाजूला! यष्टीचा ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर आला.

"ओ पाव्हणं! राँग साइडनं उतरताय की! चढणाऱ्याला आधी वाट, ठावं न्हाय?"

"आवो, मीच चढतोय!"

"तोंड तर वाईकडं हाय!"

"तोंडाकडं बगू नका! चाकाकडं बगा!"

वळणांवर पुढं काढायला जागा नव्हती. यष्टी हॉर्न वाजवत नाकाला नाक लावून मागोमाग चढू लागली. शरणम्माला आयती सोबत झाली. तिनं यष्टीच्या ड्रायव्हरला हात केला. "कुटलं वो तुमी?" त्यानंही वैतागून सांगितलं, "मेढ्याचा!"

पुढच्या वळणावर वरून ट्रक आला. ट्रकवाल्याला दिसली अँबॅसिडरची पाठ, ती त्याच्याच दिशेनं येत होती. त्यानं करकचून ब्रेक दाबला, खाली उडी मारली, एक धोंडा उचलला आणि अँबॅसिडरच्या मागच्या चाकाला लावला.

"वाचवली गाडी! ब्रेक फेल झालाय तुमचा!"

"अरे बाबा, मी वर चाललोय! ब्रेक फेल झालेली गाडी कुटं चढावर घरंगळती का?"

"त्येच म्हटलं," ट्रकवाला घाम पुसत म्हणाला, "आज काय तरी आक्रीतच बगतोय!"

धोंडा काढला. पुन्हा हॉर्न, पुन्हा धूर. यष्टीतले लोक आता बाहेर माना काढून पैजा लावत होते. पण महादेवप्पा हटला नाही. दात-ओठ खात, इंचाइंचानं, पाठ पुढं करून त्यानं अख्खा घाट चढवला आणि पाचगणीच्या अलीकडे, जिथं सगळे दरी बघायला थांबतात, तिथं गाडी उभी केली. यष्टीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानं विचारलं, "मग? वाटलं भ्या?"

"कशाचं भ्या?" नवार सोडत शरणम्मा म्हणाली. "लई मजा आली! आन् ती बाकीची माणसं बगा, दरीकडं पाठ करून चढत्यात! पेट्रोल जाळून डोंगराची भित्ताडं बगायची, येडी की काय! गाडी न्हाय इकायची."

जिंकला! महादेवप्पाचं मन भरून आलं. रुबाबात 'हां' म्हणून मान डोलवायला गेला, तर मान हलेना! डाव्या खांद्याकडं वळली होती, तिथंच आखडली होती. पुढं होईना, वर होईना. कठड्यापाशी चाळीस माणसं दरीकडं तोंड करून उभी होती आणि एकटा महादेवप्पा दरी बघायला दरीकडं पाठ करून उभा राहिला.

शरणम्मानं त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं. मग गाडीत जाऊन पुढच्या सीटवर ऐटीत बसली.

"आसू द्या. उतरताना पुढं मी बगते. तुमी नुस्तं चाक धरा!"

आणि त्या घाटात महादेवप्पाला पहिल्यांदा भीती वाटली.